देवाचे वकील

वसई कोर्टात मच्याडो वकील ज्या साक्षीदाराला सुकेळं देत, तो साक्षीदार संपला, असं आम्ही वकील बाररूममध्ये धरून चालत असू.

सुकेळं म्हणजे राजेळी केळं सोलून, उन्हात वाळवून केलेला आमच्याकडचा मेवा. मच्याडोंच्या काळ्या कोटाच्या डाव्या खिशात वाळक्या पानात गुंडाळलेली चार-सहा सुकेळी कायम असत. उलटतपासणीच्या आधी ते समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराजवळ जात, ‘सकाळपासून उपाशी असाल,’ म्हणत आणि एक त्याच्या हातावर ठेवत. यात कावा नव्हता. माणसाने उपाशीपोटी खोटं बोलू नये, असं त्यांना मनापासून वाटे. साक्षीदार बिचारा सुकेळं चघळत पिंजऱ्यात चढे आणि उतरताना त्याला पाणी द्यावं लागे.

उजव्या खिशात शिंप्याची टेप असे. तिचं काम पुढे येईल.

माणूस उंच, वाळका. कोट इतका जुना की उन्हात हिरवा दिसे. राहायला गिरीजला, स्वतःच्या केळीच्या वाडीत. रोज पहाटे देवळात (आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात) जाऊन मिसा, म्हणजे सकाळची उपासना, ऐकायची, मग विजारीला चिमटे लावून सायकलने कोर्टात यायचं, हा क्रम आजारपण सोडलं तर कधी मोडला नाही. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही. कुणी विनोद केला तर ते तो नीट समजून घेत आणि पटला तर मान डोलवत.

सत्तर-बहात्तर सालचं वसई कोर्ट म्हणजे जमिनीचं कोर्ट. बांध, वहिवाट, कूळ आणि सख्खा भाऊ, या चार गोष्टींवर आम्ही सगळे वकील पोट भरत होतो. मीही त्यातलाच. मच्याडो मात्र जमिनीची केस घेत नसत. त्यांच्याकडे येत ते पडलेले, मोडलेले, भाजलेले, चिरडलेले लोक. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, ‘म्हात्रेसाहेब, जमिनी तुम्ही वाटून घेतल्यात. मला माणसं उरली.’

आमच्या भागात तेव्हा कुणाचं काही वाईट झालं की हिंदू म्हणत ‘नशीब’, आणि ख्रिस्ती म्हणत ‘देवाची मर्जी’. दोघांचंही पुढे काही करायचं राहत नसे. मच्याडोंना याचा मनस्वी राग येई. ‘देवाला नोटीस गेली होती का?’ ते विचारत. ‘त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं? इथे त्याला वकील नाही, म्हणून जो तो आपला गुन्हा त्याच्यावर ढकलतो.’ यावरून बाररूमने त्यांचं नाव ‘देवाचे वकील’ ठेवलं. टिंगलच होती. त्यांनी ती विचारात घेतली आणि मान डोलवली. ‘अशील चांगलं आहे,’ ते म्हणाले. ‘फी देत नाही, पण तारखेलाही त्रास देत नाही.’

दुखापत झालेला माणूस समोर आला की ते तीन प्रश्न विचारत. कुठे झालं? तिथे कोण होतं? आणि तिथे कोण असायला हवं होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक घडाघडा देत. तिसऱ्याला गप्प होत. मच्याडो म्हणत, आपला सगळा कायदा त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे, बाकीची पुस्तकं म्हणजे नुसत्या त्याच्या टिपा.

विरार पूर्वेला मनवेलपाड्याच्या वाटेवर तेव्हा पहिल्यावहिल्या इमारती उठत होत्या. एका कंत्राटदाराने पायाचे खड्डे खणून तसेच उघडे सोडले. संध्याकाळी एक दूधवाला सायकलसकट आत गेला आणि मांडीचं हाड मोडून बसला. कंत्राटदाराचं म्हणणं पडलं की त्याचं नशीब फुटकं, त्याला मी काय करू. मच्याडो तिथे गेले, कोट काढून खड्ड्यात उतरले आणि टेपने चारी बाजू मोजून वर आले. कोर्टात त्यांचं भाषण एका वाक्याचं झालं. ‘साहेब, खड्डा काटकोनात आहे. नशीब इतकं सरळ खणत नाही.’

हे दुसऱ्यांच्या बाबतीत ठीक. एका पावसाळ्यात आमचा पोस्टमन त्यांच्याच घराच्या पायरीवर शेवाळावरून घसरला आणि मनगट मोडून घेतलं. मच्याडोंनी त्याला रिक्षा नसलेल्या त्या काळात सायकलच्या दांड्यावर बसवून दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, ओटीवर बसवून चहा पाजला आणि मग त्याला शांतपणे समजावलं, की तुझा माझ्यावर दावा होऊ शकतो. पायरी माझी, शेवाळ काढायचं काम माझं, आणि तू कामावर असताना आलास. पोस्टमन हात जोडायला लागला, तेही एकाच हाताने. मच्याडोंनी त्याला माझ्याकडे धाडलं. सोबत निरोप दिला, ‘म्हात्र्यांना सांग, जमिनीचीच केस आहे म्हणून घ्या. पायरीपण जमीनच.’

मी नोटीस काढली. त्यांनी उत्तरात सगळं कबूल केलं, शिवाय माझ्या मसुद्यातल्या दोन चुका दुरुस्त करून पाठवल्या. पोस्टमनला त्याची भरपाई मिळाली, आणि वकिलीच्या सगळ्या वर्षांत मी मच्याडोंच्या विरुद्ध जिंकलेली ती एकच केस. त्यानंतर दर पावसाळ्यात ते स्वतः काथ्या घेऊन पायरी घासताना दिसत.

रेजीन आली तेव्हा आम्ही दोघं कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बसलो होतो. पंचविशीची असेल. अर्नाळ्याची माहेरवाशीण, पाचूबंदरच्या कोळ्यांत दिलेली. कडेवर चार वर्षांची मुलगी, तिचं नाव सिसिल. पोरीचा डावा हात अंगाला चिकटून लोंबत होता, तळवा मागे वळलेला. उजव्या हाताने ती आईच्या गळ्यातला क्रूस ओढत होती.

‘काय झालं हाताला?’ मच्याडोंनी विचारलं.

‘गिरानात झाला. पोटुशी होते ना मी, तवा गिरानाच्या दिवशी बोंबील चिरले. सासू सांगते, म्हनून पोरीचा हात मेला.’

ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर पोराच्या अंगात खोट येते, ही समजूत आमच्याकडे देऊळ आणि मंदिर दोन्हीकडे सारखीच पक्की. मच्याडोंनी ती बाजूला ठेवली नाही. उलटतपास सुरू केला.

‘त्या दिवशी पाचूबंदरात आणखी कुणी बोंबील चिरले?’

‘सगल्यांनीच चिरले. होड्या भरून आलेल्या.’

‘त्यांत गरोदर कुणी?’

ती विचारात पडली. ‘होत्या ना. माजी जाऊ पन होती.’

‘तिच्या मुलाचा हात कसा आहे?’

‘तो दगड मारतो लोकांना.’

‘उत्तम,’ मच्याडो म्हणाले. ‘बाळंतपण कुठे झालं?’

ते झालं होतं वसई गावातल्या एका प्रसूतिगृहात. डॉक्टरांचं नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं मला बाजारात भेटतात आणि फार चांगली आहेत. डोकं आलं, खांदा अडकला. खोलीत एकटी आयाबाई होती. तिने घाबरून जे हाताला लागलं ते ओढलं. पोर जगली, पण मानेपासून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणून तुटल्या.

‘तिथे कोण असायला हवं होतं?’ मच्याडोंनी तिसरा प्रश्न विचारला.

रेजीनने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाली, ‘असा मला कोनी विचारलाच नाय.’

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, चार वर्षं झाली, मुदत केव्हाच गेली. मच्याडो माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आईची गेली. पोरीची अजून सुरूच झालेली नाही.’ आणि मग रेजीनला त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की मूल अज्ञान असेपर्यंत कायदा त्याच्यासाठी थांबतो. ते अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हक्काचं घड्याळ चालूच होत नाही. पण आपण तोवर थांबायचं कारण नाही. पोरीच्या नावाने आईला आजच दावा लावता येतो. ‘हे कलम देवळात वाचून दाखवण्यासारखं आहे,’ ते म्हणाले. मला ते कलम पाठ होतं. देवळात वाचण्यासारखं आहे हे मात्र सुचलं नव्हतं.

रेजीन म्हणाली, ‘पैसा नको असा मी बोलत नाय. पोरीला लागंल. पन आदी येवढा ठरवा, माजी चूक होती का.’ सासूने तिला पोरीसकट माहेरी धाडलं होतं. नवरा पावलू महिन्या-दोन महिन्यांनी मासळी घेऊन अर्नाळ्याला येई, अंगणात उभा राही आणि परत जाई. कुणाच्या घरी बारसं असलं की तिला बोलावणं नसे. वाटेत दिसली तर पोटुशा बाया रस्ता बदलत. तिने स्वतः त्या दिवसापासून बोंबलाला हात लावला नव्हता. कोळ्याच्या बाईने बोंबील न शिवणं म्हणजे काय, ते वसईबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे.

मच्याडोंनी बराच विचार केला. ‘ते ठरवता येईल,’ ते म्हणाले. ‘पण कोर्ट आपणहून काही ठरवत नाही. त्यासाठी समोरच्याने तुमच्यावर लेखी आरोप करायला हवा. प्रार्थना करा.’

प्रार्थना फळली. डॉक्टरांनी मुंबईहून वकील आणला आणि कैफियत दिली. आपण पूर्ण वेळ हजर होतो. मुलीच्या आईने ऐकलं नाही, अंग आवळून धरलं, तिच्याच वागण्याने इजा झाली. मच्याडो ती कैफियत घेऊन जवळजवळ धावत बाररूममध्ये आले. ‘त्यांनी लिहिलं!’ ते म्हणाले. अशिलावर आरोप झाला म्हणून इतका आनंदलेला वकील मी दुसरा पाहिलेला नाही. कोर्टाने वादाचे मुद्दे काढले. त्यांतला तिसरा असा होता: वादीस झालेली इजा तिच्या आईच्या चुकीमुळे झाली हे प्रतिवादी सिद्ध करतात काय?

‘तुमचा मुद्दा तिसरा,’ त्यांनी रेजीनला सांगितलं. तिने तो आकडा देवाच्या नावासारखा धरून ठेवला.

डॉक्टर त्या संध्याकाळी कुठे होते हे सगळ्या पाचूबंदराला ठाऊक होतं. डुमिंग नाखव्याच्या मुलीचं लग्न होतं आणि डॉक्टर तिथे टोस्ट उचलत होते. नाखवा म्हणजे होड्यांचा मालक. त्याच्याकडचं लग्न, त्यामुळे गाव झाडून हजर. पण कोर्टात कुणाला काही आठवेना. अर्ध्या गावाची बाळंतपणं डॉक्टरांनी केली होती आणि उरलेल्या अर्ध्याची व्हायची होती. पावलूलाही विचारून झालं. तो म्हणे, डॉक्टरला शोधायला धावलो, सापडले नाहीत. एवढं बोलून तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राही. मच्याडो त्याला पुन्हा पुन्हा विचारत, आणि तो पुन्हा पुन्हा अंगठ्याकडे बघे.

मुंबईच्या वकिलांनी खबरदारी म्हणून खुद्द डुमिंग नाखव्यालाच साक्षीला आणलं. पांढरा कोट, बोटात अंगठ्या. त्याने शपथेवर सांगितलं, की डॉक्टर देवळात आले, वधूवरांना आशीर्वाद देऊन लगेच परत गेले, मांडवात आलेच नाहीत. मच्याडो उठले, त्याच्याजवळ गेले आणि सुकेळं दिलं. बाररूममधले आम्ही सगळे आत येऊन भिंतीला टेकलो.

‘नाखवा, बँड किती होते?’

‘दोन.’

‘केक?’

‘पाच मजली. बांदऱ्याशून आनलेला.’

‘माणसं पुष्कळ असतील.’

‘मोजायला टाइम कोनाला? अर्नाळ्याची मानसा होड्या भरून आली.’

नाखवा फुलत चालला होता. मच्याडो प्रत्येक उत्तराला आदराने मान डोलवत होते. मग म्हणाले, ‘आणि टोस्ट?’

नाखवा बोटातली अंगठी फिरवू लागला.

न्यायाधीश घाटावरचे. त्यांनी टोस्ट म्हणजे नेमकं काय, ते विचारलं. मच्याडोंनी सांगितलं, की आमच्या लग्नात समाजातला एखादा मोठा माणूस प्याला उंच धरून वधूवरांचं कौतुक करतो. सगळे पाहुणे आपापले प्याले वर धरून उभे राहतात. त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी पीत नाही, बसत नाही, मध्ये बोलत नाही. टोस्टला कोण उभा राहिला यावर त्या घराची पत ठरते. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

‘तर टोस्ट कुणी उचलला?’

‘आठवत नाय.’

‘केकचे मजले आठवतात.’

‘ते आठवतात. हे नाय आठवत.’

मच्याडो न्यायाधीशांकडे वळले. ‘साहेब, लिहून घ्यावं. साक्षीदाराच्या मुलीच्या लग्नात टोस्ट झाला नाही.’

‘झाला नाय असा मी बोललो नाय!’

‘मग कुणातरी लहानसहान माणसाने उचलला असेल,’ मच्याडो सहानुभूतीने म्हणाले. ‘बँडवाल्याने वगैरे. त्यात लाज कसली? योग्य माणूस मिळाला नाही तर काय करणार? तुमच्या शब्दाला कुणी मोठा माणूस उभा राहिला नाही, एवढंच.’

मुंबईचे वकील हरकत घ्यायला उठले. पण नाखवा त्यांच्या आधी उठला होता. तो उभाच होता, पण आणखी उठला.

‘बँडवाल्यान? माज्या पोरीचा टोस्ट बँडवाल्यान? डाक्टरान उचलला! खुद्द डाक्टरान! पाऊन तास बोलला, इंग्लिशमदी पन बोलला! गिलास धरून धरून लोकांचे हात भरून आले! असा टोस्ट वसईत कोनाचा झाला नाय! खोटा वाटते तर ह्या पावलूला विचारा, दारात उबा होता सगला टाइम!’

मुंबईचे वकील खाली बसले. न्यायाधीशांची लेखणी थांबली. मग कोर्टातल्या प्रत्येकाने मागे वळून पावलूकडे पाहिलं. रेजीनने सगळ्यांत शेवटी.

पुढच्या तारखेला पावलू पिंजऱ्यात उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. आयाबाईने पिटाळलं म्हणून तो प्रसूतिगृहातून मांडवापर्यंत धावत गेला. डॉक्टर समोरच दिसत होते. पण टोस्ट नुकता सुरू झाला होता.

‘मग तुम्ही त्यांना बोलावलं का नाही?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘टोस्टमदी कोनी बोलत नाय, साहेब. नवरा-नवरीला चांगला नसते.’ त्याने अंगठ्याकडे पाहिलं. ‘मी हात वर केला होता. पन सगल्यांचेच हात वर होते.’

जमिनीच्या केसेसमध्ये अशी साक्ष कधी ऐकायला मिळत नाही. मुंबईच्या वकिलांनी मात्र धागा पकडला. म्हणजे चूक नवऱ्याची, ते म्हणाले, त्याने वेळेवर सांगितलं असतं तर डॉक्टर गेले असते. मच्याडो उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, ‘डॉक्टरला बोलवायला धावावं लागलं, हाच आमचा दावा आहे. धावणाऱ्याने हाक किती मोठ्याने मारली, हा प्रश्न डॉक्टर जागेवर असते तर निघालाच नसता.’

बाहेर व्हरांड्यात रेजीन पावलूसमोर उभी राहिली. आता भांडण होणार म्हणून आम्ही बघ्यासारखे थबकलो. ती म्हणाली, ‘आदी बोलला असतास, तर येवढी वर्षा बोंबील तरी खाल्ले असते मी.’ मग तिने सिसिलला त्याच्याकडे दिलं आणि पाणी प्यायला गेली. पावलू पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुंबईचा एक निवृत्त डॉक्टर मच्याडोंनी शोधून आणला. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाहीत. हा बोलला, कारण त्याला आता कुणाच्या लग्नाला जायचं नव्हतं. खांदा अडकला तर शिकलेला हात काय करतो आणि घाबरलेला हात काय करतो, हे त्याने बाहुलीवर करून दाखवलं. सिसिलने ती बाहुली नंतर परत द्यायला नकार दिला आणि कोर्टाने त्यावर काही हुकूम केला नाही.

शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी मुंबईचे वकील शहाणपणाने म्हणाले, की आम्ही तिसरा मुद्दा सोडतो, आईवर आमचा आरोप नाही. केस संपवायची घाई झालेला कुणीही वकील ‘ठीक’ म्हणाला असता. मी म्हणालो असतो. मच्याडो उभे राहिले.

‘त्यांनी सोडला, साहेब. गावाने सोडलेला नाही. मला उत्तर हवं.’

न्यायाधीशांनी तिसरा मुद्दा निकालासाठी तसाच ठेवला.

निकालाच्या दिवशी मच्याडोंनी स्वतःच्या खर्चाने टांगा पाठवून रेजीनच्या सासूला, कतरीन म्हातारीला, कोर्टात आणवलं. ती मागच्या बाकावर लुगड्याचा पदर तोंडाला लावून बसली. न्यायाधीशांनी इंग्रजीत निकाल वाचला. डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध. भरपाई मंजूर, मागितली होती तेवढी नाही, पण पोरीला पुढे आधार होईल इतकी. मुद्दा क्रमांक तीन: नाही.

मच्याडो उठले. ‘साहेब, माझ्या पक्षकाराला ऐकायला कमी येतं. तिसरा मुद्दा पुन्हा एकदा, जरा मोठ्याने आणि मराठीत.’

रेजीनचे कान सशासारखे तिखट होते, आणि ती पुढच्याच बाकावर होती. न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडे एक नजर टाकली आणि मोठ्याने वाचलं: मुलीच्या आईची काही चूक नव्हती. मच्याडोंना कोर्टात खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. पण त्या दिवशी ते जेवून आले असावेत.

माफीबिफी मागायची त्या घरात पद्धत नव्हती. टांग्यात चढल्यावर मात्र म्हातारी जरा सरकून बसली आणि रेजीनकडे न बघता म्हणाली, ‘चढ. पोरीला उन लागते.’ डॉक्टर ठाण्याला अपिलात गेले. तिथेही तिसरा मुद्दा जिथे होता तिथेच राहिला.

यानंतर बरीच वर्षं गेली. ऐंशी-एक्याऐंशी साली एका सकाळी मच्याडो मिसेहून परतताना सायकलवरून पडले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मी गिरीजला भेटायला गेलो. पायऱ्या घासलेल्या होत्या. आता ते काम त्यांची पत्नी, आमच्या वहिनी, करत होत्या. मच्याडो ओटीवर खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. माझ्या तोंडून सवयीने ‘देवाची मर्जी’ निघणार होतं, ते मी गिळलं.

त्यांना ते कळलं. ‘चौकशी... केली,’ ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. ‘डॉक्टर वेळेवर. बायको वेळेवर. रस्ता... कोरडा. कुणाची... चूक नाही.’ डावं बोट वर आभाळाकडे केलं. ‘त्याचंच... काम.’

‘मग आता?’

‘अशिलाविरुद्ध... उभं राहता येत नाही,’ मच्याडो म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं केलं.

तेवढ्यात पाचूबंदरहून रेजीनकडची मंडळी आली. सिसिल आता उंच झाली होती, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. डावा हात आखूड आणि वाकलेला तसाच. ती दर शनिवारी येते, वहिनींनी सांगितलं. एका हाताने बटन कसं लावायचं, ते ती मच्याडोंना शिकवू लागली. ‘आधी खालचं,’ ती दरडावत होती. ‘वरचं आधी घेतलं की सगळं चुकतं. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?’ मच्याडोंनी हा मुद्दा समजून घेतला आणि मान डोलवली.

कतरीन म्हातारी मागून धापा टाकत आली आणि ओटीच्या कडेला टेकली. टोपलीत वहिनींसाठी सुके बोंबील होते. ‘आमच्या सुनेन सुकवलेत,’ ती म्हणाली. शेजारची एक नवी सून वहिनींकडे विरजण मागायला आलेली. पोटुशी होती. तिने सिसिलच्या हाताकडे पाहिलं, पोटावर पदर ओढला आणि हलक्या आवाजात म्हातारीला विचारलं, ‘ग्रहणात झालं का हो?’

‘गिरान-बिरान काय नाय,’ म्हातारी एकदम खेकसली. ‘डाक्टर जागेवर नव्हता. तिच्या आईची चूक नाय. कोर्टात ठरलाय.’

मच्याडो खुर्चीत थोडे पुढे सरकले. बटन सिसिलच्या बोटातून निसटलं.

‘कितवा...’ ते म्हणाले. जीभ अडली. पुन्हा जोर लावला. ‘कितवा... मुद्दा?’

‘तिसरा,’ म्हातारी म्हणाली.

त्यांनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि एक सुकेळं काढून तिच्या हातावर ठेवलं.